यूसुफ सारंग आणि तीन नंबरचा प्रेस

यूसुफ सारंग यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका माणसाला मारत होते.

रियाधच्या दक्षिण टोकाला जुनी सिनाइया आहे. सिनाइया म्हणजे कारखान्यांची वस्ती. तिथले बहुतेक कारखाने शहराबाहेर गेले होते. मागे उरल्या होत्या पत्र्याच्या लांबलचक शेड, मोटारी दुरुस्त करणारी काही गॅरेजं आणि मजुरांच्या खोल्या. ती वस्ती न पाडता तिथे दुकानं, स्टुडिओ, वाचनालय, चहाकॉफीच्या जागा आणून माणसांची ये-जा सुरू करायची, हे काम आमच्या कन्सल्टन्सीकडे आलं होतं. मी मूळची नाशिकची, आर्किटेक्ट. ओलाया या शहराच्या ऑफिसांच्या भागातल्या एका टॉवरमध्ये बसून सहा महिने मी त्या वस्तीचे नकाशे रंगवले होते. प्रत्यक्ष पाय ठेवला तो त्या सकाळी.

पत्र्याचे डबे आणि दरवाजे बनवणारा एक बंद कारखाना होता. त्याच्या मागच्या अंगणात ठेकेदाराचा सुपरवायझर एका मजुराकडून जुनी टाकी कापून घेत होता. मजुराने गॅस कटर पेटवलाच होता, तेवढ्यात शेडमधून एक बुटका, जाड मानेचा म्हातारा आला. तो धावला नाही. चालत गेला, सिलिंडर बंद केला, बोट पुढे करून आजूबाजूची माणसं मोजली आणि मग वळून सुपरवायझरच्या तोंडावर मूठ हाणली. सुपरवायझर पडला. पडल्यावरही म्हाताऱ्याने त्याला मारलं, आधी लाथेने, मग वाकून पुन्हा मुठीने. चौघांनी ओढून बाजूला केलं तेव्हा वाळूवर रक्त होतं आणि त्यात एक दात होता. मी हातातली फाइल छातीशी धरून भिंतीला चिकटले होते.

त्या टाकीत वीस वर्षं थिनर भरत होते, हे मला नंतर कळलं. रिकाम्या टाकीतही त्याची वाफ राहते, आणि ठिणगी पडली असती तर अंगणातलं कोणीच उरलं नसतं. सारंगचाचांनी नंतर ती टाकी नळीने काठोकाठ पाण्याने भरली आणि त्याच मजुराला म्हणाले, आता काप. सुपरवायझरने तक्रार केली नाही. तो दुसऱ्या दिवसापासून आलाच नाही.

प्रकल्पाचा सौदी मॅनेजर तुर्की हा तिशीतला, शांत स्वभावाचा माणूस होता. अशा मारकुट्या माणसाला तुम्ही ठेवलंय तरी कशाला, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, या कारखान्याचा एकही नकाशा शिल्लक नाही, सगळं याच्या डोक्यात आहे. ते खरंच होतं. कुठल्या फरशीखाली खड्डा आहे, कुठला पाइप अजून भरलेला आहे, कुठल्या भिंतीत तारा आहेत, हे चाचा बोटांच्या पेरांनी ठोकून सांगायचे. बाविसाव्या वर्षी हमाल म्हणून ते त्या कारखान्यात आले होते. कारखाना बंद झाला तेव्हा ते डाय सेटर होते, म्हणजे प्रेसच्या यंत्रात साचे बसवणारे. जुन्या कफीलने, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाने, त्यांचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, प्रकल्पाच्या नावावर करून दिला आणि कारखान्याबरोबर चाचाही आमच्याकडे आले.

मी फोनवर आईशी बोलत होते ते त्यांनी ऐकलं आणि जवळ येऊन विचारलं, कुठली गो तू, बाय? मी नाशिक म्हटलं. "म्हणजे घाटावरची," ते म्हणाले आणि त्यावर त्यांचं काही मत असावं तसा चेहरा करून निघून गेले. ते स्वतः बाणकोटच्या खाडीकाठच्या एका गावचे. तेव्हापासून मी त्यांची 'बाय' झाले. पुढची दोन वर्षं मी आठवड्यातून तीन दिवस त्या वस्तीत जात होते, त्यातला निम्मा वेळ त्यांच्या मागे चालण्यात गेला.

खाकी शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. नखं कानशीने घासून बोथट केलेली. कुठलंही बटण दाबायच्या आधी ते खोलीतली माणसं मोजायचे, अगदी पंख्याचं बटण असलं तरी. "आधी माणसं मोज," हे त्यांचं वाक्य सगळ्या साइटवर झालं होतं. शेडशेजारच्या नव्या कॅफेच्या पोरीसुद्धा ते म्हणायच्या. हिंदीत, अरबीत, कोणत्याही भाषेत बोलणं संपलं की ते "खलास" म्हणून पाठ फिरवायचे, समोरच्याचं संपलेलं नसलं तरी.

त्यांच्या रागाला नेहमीच कारण असायचं, असं मी म्हणणार नाही. साइटवर मजुरांची एक जुनी मेस होती. तिथला रहमान नावाचा स्वयंपाकी केरळचा होता. एका सकाळी त्याने उकळलेल्या चहाऐवजी पिशव्यांचा चहा ठेवला. चाचांनी एक घोट घेतला आणि स्टीलचा जग त्याच्या तोंडावर फेकला. रहमानचं कपाळ फाटलं, सहा टाके पडले. याला काहीही कारण नव्हतं. चाचांनी माफी मागितली नाही. दुसऱ्या दिवसापासून ते पहाटेची नमाज झाली की मेसमध्ये जायचे, एका शब्दाने न बोलता कांदे सोलायचे आणि कामावर यायचे. हे तीन आठवडे चाललं. मी रहमानला विचारलं, माफ केलंस का? तो म्हणाला, नाही, आणि तो कांदेही जाड सोलतो.

पण तीच मेस आराखड्यातून जाऊन तिथे महागडं रेस्टॉरंट येणार असं ठरलं, तेव्हा चाचा तुर्कीच्या मीटिंगमध्ये न बोलावता शिरले. खुर्चीवर न बसता उभ्या उभ्या त्यांनी मोडक्या अरबीत सांगितलं, की इथे उद्या लोक यावेत असं वाटत असेल तर आज जे आहेत त्यांना जेवायला जागा ठेवा, नाहीतर तुम्ही फक्त भिंती रंगवताय. मग खलास म्हणून ते गेले. मेस राहिली. आज तिथे गॅरेजवाले, कुंभारकामाच्या वर्गाला येणाऱ्या सौदी मुली आणि लॅपटॉपवाली माणसं एकाच बाकावर बसून रहमानचा पराठा खातात.

चाचांचा मुलगा इम्तियाझ रियाधमध्येच होता, ओलायातल्या एका बँकेत, माझ्या ऑफिसपासून दोन सिग्नलवर. मला हे वर्षभर ठाऊक नव्हतं. बापलेक बोलत नव्हते. कारण मला चाचांनीच सांगितलं, एका दुपारी, तीन नंबरच्या प्रेससमोर बसून.

तो प्रेस शेडच्या मधोमध होता. दोन पुरुष उंच, ओतीव लोखंडाचा, एका बाजूला गाडीच्या चाकाच्या दुप्पट फ्लायव्हील. पत्रा आत ठेवायचा, वरून लोखंडी ठोकळा येऊन साच्यावर आपटायचा. दोन्ही हातांनी दोन वेगवेगळी बटणं दाबल्याशिवाय तो खाली यायचा नाही, म्हणजे हात आत राहूच नये. पण त्यात वेळ जायचा. म्हणून फोरमन सांगायचा आणि एक बटण तारेने कायमचं दाबून बांधलं जायचं. मग एक हात मोकळा. एका हाताने पत्रा सरकवायचा, दुसऱ्याने बटण दाबायचं.

"ती तार मी बांधायचो," चाचा म्हणाले. त्यांनी दोन्ही पंजे माझ्यासमोर उघडले. "बघ. दहाच्या दहा. माणसं विचारायची, सारंग, तू इतकी वर्षं प्रेसवर, तुझी बोटं कशी राहिली? मी बांधायचो, बसायचे दुसरे. म्हणून राहिली."

त्यांच्याच गावचा नासिर त्या प्रेसवर बसला होता. त्याचा उजवा हात मनगटापासून गेला. चाचांनी यंत्र उलटं फिरवून हात सोडवला तेव्हा नासिर शुद्धीवर होता आणि सारखं विचारत होता, किती गेला, किती गेला. तो गावी परतला. चाचा सुट्टीवर गेले की नासिरचं घर टाळून खाडीच्या बाजूने, चिखलातून घरी जायचे.

त्यानंतर दोन वर्षांनी एकोणीस वर्षांच्या इम्तियाझने बापाला न कळवता त्याच कफीलकडून व्हिसा मिळवला आणि एके दिवशी तो कारखान्यात येऊन उभा राहिला. फोरमनने त्याला तीन नंबरवर टाकलं. चाचांनी आधी समजावलं, परत जा म्हणाले. तो ऐकेना. मग जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांसमोर, त्यांनी मोठा पाना उचलून मुलाच्या उजव्या हातावर मारला. कोपराच्या खाली दोन्ही हाडं मोडली. एकदा मारून थांबलेही नाहीत, असं ते म्हणाले. पोरगा खाली बसला होता तरी पाठीत दोनदा मारलं.

"मोडलेला हात सांधतो, बाय," ते म्हणाले. "गेलेला नाय सांधत."

इम्तियाझ प्लॅस्टर घालून गावी गेला, शिकला, आणि बँकेच्या नोकरीवर पुन्हा याच देशात आला. हे समजावून सांगायला चाचा त्याच्याकडे एकदाही गेले नाहीत. मी म्हटलं, सांगायला हवं होतं. ते म्हणाले, काय सांगू? मारलं ते मारलं.

एवढं सगळं माहीत असताना पुढचं मी केलं, म्हणून हे लिहिते आहे.

वस्तीचा हा नवा मोहल्ला हिवाळ्यात उघडायचा होता. प्रेसच्या त्या शेडचं काय करायचं यावर माझी एक कल्पना सगळ्यांना आवडली. तीन नंबरचा प्रेस चालू करायचा. पाहुण्याने बटण दाबायचं, वरून ठोकळा येणार, पितळी चकतीवर वस्तीचं चित्र उमटणार, ती चकती घरी न्यायची. आराखड्यात मी त्याला 'जिवंत यंत्र' असं नाव दिलं होतं. चाचांनी ऐकलं आणि म्हणाले, नको. मी सांगितलं, आता तारेची भानगड नाही. प्रेसच्या तोंडाशी प्रकाशाचा पडदा बसवणार, बोट आत गेलं तरी यंत्र जागच्या जागी थांबेल. त्यांनी तो सेन्सर मागवून घेतला, स्वतः बसवायला लावला आणि एक गाजर आत धरून तीस-चाळीस वेळा बटण दाबलं. प्रत्येक वेळी यंत्र थांबलं. तेव्हा कुठे ते तयार झाले. मग दोन महिने खपून त्यांनी तो प्रेस उभा केला. प्रत्येक बेअरिंग त्यांनी स्वतः घासलं. पहिली चकती पडली तेव्हा त्यांनी ती उचलून पाहिली आणि मला दिली. हसले नाहीत, पण रहमानच्या मेसमध्ये त्या दिवशी सगळ्यांना चहा त्यांच्याकडून होता.

अडचण सेन्सरचीच झाली. जरा धूळ उडाली, कुणाची बाही हलली, की यंत्र थांबायचं. उद्घाटनाच्या दोन दिवस आधी मोठ्या अधिकाऱ्यांसमोर चाचणी घेतली, त्यात ते सात वेळा थांबलं. एक जण माझ्याकडे बघून हसला. यंत्र ज्या ठेकेदाराकडे होतं त्याचा टेक्निशियन दीपक नावाचा नेपाळी तरुण होता. मी गाडीत बसून त्याला मेसेज केला: परवा एकदाही थांबता कामा नये, काय करायचं ते करा.

त्याने काय केलं, ते दुसऱ्या दिवशी दुपार उतरताना, असरच्या नमाजेनंतर कळलं. मी अंगणात होते. दुकानवाले टेबलं मांडत होते, कोणी दिव्यांच्या माळा लावत होतं. शेडमधून ओरडण्याचा आवाज आला. मी आत पोचले तेव्हा यंत्राची विजेची पेटी उघडी होती आणि चाचा दीपकला मारत होते. एका हाताने त्याची कॉलर धरली होती, दुसऱ्या हाताच्या मुठी एकामागून एक त्याच्या जबड्यावर पडत होत्या. दीपकने हात वर करणंही सोडलं होतं. दोन इलेक्ट्रिशियन चाचांना ओढायला गेले, त्यातल्या एकाच्या पोटात कोपर बसलं आणि तो वाकून खाली बसला. पेटीत मला दिसलं: बोटभर लांबीची एक निळी वायर. सेन्सरच्या दोन टोकांना जोडून त्याला गप्प बसवलं होतं. पडद्याचा हिरवा दिवा मात्र छान लागलेला होता.

चाचांनी दीपकला कॉलरला धरून फरशीवरून फरफटत अंगणात आणलं. वाटेत रक्ताची रेघ उमटली. मग ते परत गेले आणि शेडमधला माणूस न् माणूस बाहेर काढला. कुणाला ढकललं, एकाला थोबाडीत मारली. शेजारच्या कॅफेत जाऊन तिथल्या दोन मुलींना त्यांनी नुसतं बोटाने बाहेर व्हायला सांगितलं, त्या पळाल्या. मग अंगणात उभं राहून, धापा टाकत, त्यांनी आम्हाला मोजलं. माझ्यावरही बोट आलं आणि पुढे गेलं. "अकरा," ते म्हणाले. आत गेले आणि शटर ओढून घेतलं.

फ्लायव्हील फिरायला लागलं ते ऐकू आलं. त्यांनी काय केलं ते नंतर समजलं. साचा बसतो त्या जागेत त्यांनी भरीव पोलादाचा ठोकळा ठेवला, यंत्राला कधीच दाबता येणार नाही इतका जाड, आणि बटण दाबलं. आवाज मी कानाने ऐकला असं मला वाटत नाही, तो पायातून वर आला. शटर बाहेरच्या बाजूला फुगलं. फ्लायव्हील सुटून मागची भिंत फोडून गेलं. ओतीव लोखंडाचा एक तुकडा कॅफेची काच फोडून काउंटरमध्ये जाऊन रुतला, त्या दोन मुली घटकेपूर्वी जिथे उभ्या होत्या तिथे. माळांमधले सगळे दिवे गेले. दुकानवाल्या बायकांपैकी कोणीतरी रडायला लागलं.

शटर उचललं गेलं नाही. मागच्या भिंतीच्या भगदाडातून चाचा बाहेर आले. गालात लोखंडाची कपची घुसली होती आणि दाढीतून रक्त गळत होतं. ते फुटपाथवर बसले आणि पोलीस येईपर्यंत तिथेच बसून राहिले. पोलिसांना त्यांनी एवढंच सांगितलं: मारलं मी, मोडलं मी. का, याला उत्तर दिलं नाही.

मी त्या संध्याकाळी माझ्या फोनमधला मेसेज पुसून टाकला. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच घडलं. चार दिवस मी कोणालाही काही बोलले नाही. मग दीपकला बघायला हॉस्पिटलमध्ये गेले. त्याचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता, तारांनी बांधलेला होता, त्याला बोलता येत नव्हतं. त्याने फोनवर टाइप करून मला दाखवलं: मॅडम, तुमचा मेसेज माझ्याकडे आहे. मी विचारलं, कोणाला दाखवलास? त्याने मान हलवली, नाही. त्या मान हलवण्यानेही त्याला दुखलं.

तिथून मी थेट तुर्कीकडे गेले आणि सगळं सांगितलं. तो रागावला नाही, ते जास्त कठीण गेलं. त्याने मला लिहून द्यायला सांगितलं, मी दिलं. ठेकेदाराचं काम बंद झालं. माझी नोकरी राहिली, मला साइटवरून काढून पुन्हा टॉवरमध्ये बसवलं. दीपकने काही आठवड्यांनी तक्रार मागे घेतली. माफ केलं म्हणून नाही. त्या माणसाचं तोंड मला कोर्टात पुन्हा पुन्हा बघायचं नाही, असं तो म्हणाला. तक्रार मागे घेतली तरी सरकारतर्फे शिक्षा होतेच, ती चाचांनी भोगली आणि मग त्यांचं फायनल एक्झिट निघालं, म्हणजे देश कायमचा सोडायचा.

मोहल्ला दहा दिवस उशिरा उघडला. शुक्रवारी तिथे आता पाय ठेवायला जागा नसते. प्रेस दुरुस्त करायचा नाही असं तुर्कीने ठरवलं. चिरफाळलेला सांगाडा शेडच्या मधोमध उभा आहे, भोवती बाकं आहेत. लोक त्याला टेकून कॉफी पितात.

इम्तियाझला मी पहिल्यांदा भेटले ते तरहीलच्या बाहेर. देशाबाहेर पाठवायच्या लोकांना तिथे ठेवतात. तो दर आठवड्याला कपडे घेऊन यायचा, खिडकीवर द्यायचा आणि निघून जायचा. चाचांना पाठवायच्या त्या शेवटच्या दिवशी मात्र त्याने बॅग माझ्याकडे दिली. तुम्ही आत जाणार असाल तर द्या, म्हणाला. मी त्याला मेसेजची गोष्ट सांगितली. तो गाडीत बसला. उजवा हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत राहिला.

आत जाळीपलीकडे चाचा आले. गालावरचा व्रण अजून लाल होता. मी बोलायचं पाठ करून गेले होते. त्यातलं एवढंच निघालं, की चाचा, ती वायर माझ्या सांगण्यावरून लावली होती.

"मना माहीत हाय," ते म्हणाले. "मार खाताना तो पोरगा बोलला ना. मॅडमने सांगितलं, मॅडमने सांगितलं, हेच बोलत होता."

"मग पोलिसांना माझं नाव का नाही सांगितलंत?"

त्यांचा आवाज चढला नाही.

"सांगून काय करू? पेटी उघडली तेव्हा तू समोर असतीस तर तुला मारलं असतं मी, बाय. तो समोर होता."

मी काहीतरी बोलायला गेले, पण त्यांनी हात वर केला. माझ्या हातातली बॅग बघून, बाहेर कोण आहे, असं त्यांनी विचारलं. इम्तियाझ, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. तेवढ्यात शिपायाने यल्ला, यल्ला म्हणत सगळ्यांना उठवलं. मी बॅग जाळीखालून सरकवली, ती त्यांनी उघडून न बघता खांद्यावर टाकली.

मी बाहेर आले तेव्हा विमानतळाची बस फाटकाशी उभी होती आणि माणसं रांगेने चढत होती. चाचा चढले. खिडकीजवळच्या सीटवर कोणीतरी बसलं होतं, त्याला त्यांनी दंडाला धरून उठवलं आणि स्वतः बसले. काच काळी होती, त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता. इम्तियाझ गाडीतून उतरला होता. तो रस्ता ओलांडून बसपर्यंत गेला आणि बाहेरून काचेवर तळहात ठेवून उभा राहिला. आतून कोणी हात ठेवला की नाही, हे मला माझ्या जागेवरून दिसलं नाही. बस सुटली तेव्हा तो काही पावलं तिच्याबरोबर चालला, मग थांबला.